कपाळावरचं हिरवं

आज फोनवर नात दिसली. तिने कपाळावर हिरव्या स्केचपेनने माझ्यासारखं गोंदण काढलं होतं. जन्म परदेशातला, पासपोर्टही तिकडचा. शाळेत आपलं मूळ दाखवायचं होतं म्हणे.

"आई, तुमचं जरा जवळून दाखवा ना," सून म्हणाली. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत हेच गोंदण दिसू नये म्हणून हिनेच माझ्या कपाळावर पावडर थापली होती. मी पदर भुवयांपर्यंत ओढला.

मूळ असं संध्याकाळी धुऊन टाकता येतं होय? मला चार बायकांनी धरून ठेवलं होतं, तेव्हा ते कातडीत उतरलं.

"इकडे ये, खरं गोंदवून देते," मी नातीला म्हटलं.

"येते आजी!"

"आई, भलतंसलतं भरवू नका तिच्या डोक्यात!" सून किंचाळली.

मला फार बरं वाटलं.