शेपटीवरचा सोनेरी पक्षी

ऐंशीच्या आसपास मी मुंबईत एका विमान कंपनीच्या कचेरीत तिकिटं लिहीत असे. आमच्या साहेबांनी एका परदेशी कंपनीशी करार केला. विमान त्यांचं, वैमानिक त्यांचे, इंधन त्यांचं. त्यातल्या काही जागा मात्र आम्ही आमच्या नावानं, आमचा क्रमांक घालून विकायच्या. आता याला कोडशेअर म्हणतात. शर्यतीत शेजाऱ्याचे बैल जुंपायचे आणि गुलाल आपल्या कपाळाला लावायचा, त्यातलाच प्रकार. फायदा दोघांचाही होता. त्यांच्या रिकाम्या खुर्च्या भरत, आम्हाला विमान न घेता नवं शहर मिळे. कचेरीतल्या नकाशावर आखाताकडे आणखी एक तांबडी रेघ आली. भाषण झालं, पेढे वाटले. विमान तेवढं आलं नाही.

माझा चुलतभाऊ साजगावच्या कारखान्यात वेल्डर होता. त्याला आखातात नोकरी लागली, तेव्हा तिकीट अर्थातच मी लिहिलं. खालापूरला घरी जाऊन ते ओटीवर सगळ्यांना वाचून दाखवलं आणि वर कंपनीचं कॅलेंडर दिलं. त्यावरच्या विमानाच्या शेपटीवर आमची खूण होती, सोनेरी पक्षी.

"मंजी त्यो ह्याच्यात बसनार?" त्याच्या आईनं, माझ्या काकीनं विचारलं.

"ह्याच्यातच. हा पक्षी दिसला की हात हलव."

निघायच्या दिवशी टेंपो भरून माणसं विमानतळावर आली. भाऊ आत गेला, आम्ही गच्चीवर चढलो. आमच्याकडे कोणी लांब निघालं, की गाडी नजरेआड होईपर्यंत घरच्या बायका पाठ फिरवत नाहीत. काकी कठडा धरून उभी होती. एक निळ्या शेपटीचं विमान धावपट्टीकडे निघालं.

"ह्ये काय रं?"

"नाही गं, ते परक्यांचं. आपलं यायचंय. तू बस, दोन घास खाऊन घे."

ती कठड्याकडे पाठ करून बसली आणि तिनं भाकरीचं फडकं सोडलं. मागून निळी शेपटी गरजत वर गेली.

मग सोनेरी पक्षी आला. सगळे ओरडले. काकी ठिपका दिसेनासा होईपर्यंत पदर हलवत राहिली. मी ऐटीत खाली चौकशीच्या खिडकीवर गेलो, आमचं विमान वेळेवर सुटलं ना, हे विचारायला. तिथल्या बाईनं क्रमांक ऐकला आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"ते मघाशीच गेलं. परदेशी कंपनीचं असतं ना ते. करार आहे तुमचा."

"आणि आत्ता गेलं ते?"

"ते कोलंबोला."

कराराचा पेढा मीही खाल्ला होता. पण नकाशावरची ती रेघ खरी मानायची इतकी सवय झाली होती, की ओढली कशी गेली हेच विसरलो होतो.

वर येऊन मी सांगून टाकलं. काकीनं हातात धरलेला पदर खाली सोडला.

"मंजी त्यो जात व्हता, तवा मी त्याला पाठ करून जेवत व्हते?"

माझी मान खाली गेली, ती टेंपोत बसेपर्यंत वर आली नाही.

पनवेल मागे पडल्यावर चुलत्यांना राहवेना. "का रं, तुजी नोकरी तरी तुजीच हाय ना? का तीबी दुसऱ्याच्या इमानात?"

टेंपो खदखदून हसला. हसणारे मला परवडत होते. काकी मात्र आमच्याकडे पाठ करून, मागच्या फळीला धरून मुंबईच्या दिशेला बघत बसली होती. वळणावर तिचा तोल जायचा. पुढं तोंड करून बस, असं तिला सांगायचं धाडस मला खालापूर येईपर्यंत झालं नाही.