सीतादही ‘झाली’ नव्हती

‘पतीच्या निधनानंतर मनकर्णाबाईंनी स्वतःला सर्व शुभकार्यांपासून दूर ठेवले.’

माघात माझ्या सासूबाईंचं वर्षश्राद्ध आहे. त्या वेळी वाटायच्या पुस्तिकेचा मजकूर माझा मुलगा कैलास नागपूरहून घेऊन आला. हे वाक्य पहिल्याच पानावर होतं. मी ते तीनदा वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“हे कोणी लिहिलं?”

“मीच. काऊन, चुकलं का काही?”

“सगळं चुकलं.”

“आई, चांगल्याच अर्थानं लिहिलं ना. आजीचा त्याग दाखवला.”

त्याग! आत्याबाईंनी (सासूला आम्ही आत्याबाईच म्हणतो) शेजाऱ्याला धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, वीतभर जागासुद्धा कधी सोडली नाही.

समुद्रपूरकडच्या एका खेड्यातून त्या सोळाव्या वर्षी नाचणगावला नांदायला आल्या. शाळा दुसरीपर्यंत. मी आले १९७३ साली, नागपूरच्या नन्सच्या शाळेत शिकलेली, ट्रंकेत साड्यांवर डायऱ्या ठेवून. पहिल्यांदा कापूस वेचायला गेले तेव्हा आत्याबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “अवं मेमसाब, बोंडाले कुरवाळू नोको, वेच!” सुकलेलं बोंड अंगठ्यात घुसून रक्त आलं, तेव्हा त्यांनीच ताजा कापूस लावून वरून चिंधी बांधली. पुढे मला पुलगावच्या शाळेत नोकरी लागली. गल्लीतल्या बायका कुजबुजल्या, की तान्हं पोर टाकून सून निघाली. आत्याबाई ओट्यावरून ओरडल्या, “पोराले मी पाहीन. तिले शाळेत नाही त काय तुमच्या घरी पाठवू भांडे घासाले?” ते तान्हं पोर म्हणजे हाच कैलास.

१९७९ च्या श्रावणात माझे सासरे गेले. दसऱ्यानंतर पहिली वेचणी आली. आमच्याकडे वेचणीआधी शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या बुडाशी पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, थोडा चारी दिशांना उडवायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. ते सवाष्णीनं करायचं. त्या वर्षी शेजारच्या काकूंनी आपणहून ताट उचललं आणि म्हणाल्या, “मनकर्णाबाई, तुमी धुऱ्यावर बसा आता.”

आत्याबाई बसल्या नाहीत.

“काऊन? पऱ्हाटीले कोनं सांगतलं का माहा नवरा मेला म्हून? मातीत सरकी टोबली कोनं? निंदन केलं कोनं? अन् दहीभाताले मातर सवाशीन पायजे?”

काकूंच्या हातातून त्यांनी ताट घेतलं. मग मागे न बघता म्हणाल्या, “मोहिनी, दही दे.” मी मडकं पुढे केलं. पण माझी नजर खाली होती.

तेव्हापासून गेल्या वर्षीपर्यंत, एकही साल न चुकता, सीतादही त्यांनीच केली. शेवटची तीन वर्षं ऑटो थेट शेतापर्यंत न्यावा लागला.

हे सगळं मी कैलासला सांगितलं. तो म्हणाला, “मी तर असं कधी पाह्यलं नाही.”

“पाहशील कसा? त्या दिवशी तू कधी शेतात होतास? आधी शाळा, मग कॉलेज, मग नागपूर.”

“बरं, मग डायरीत असंनच ना. दूध नासलं तेही लिहितेस तू. दाखव, मी बदलतो वाक्य.”

मी मोठ्या ऐटीत ट्रंक उघडली. १९७९ ची डायरी काढली. त्या दिवसाच्या पानावर माझ्या नीटस अक्षरात होतं: ‘सीतादही झाली. दही आंबट होतं.’

१९८० काढली. ‘सीतादही झाली.’ ८१, ८२, नव्वद, दोन हजार. झाली, झाली, झाली. शेहेचाळीस वर्षं झाली, आणि एकाही वर्षी ती कोणी केली ते नाही.

शाळेत सिस्टर सांगायच्या, क्रियापदाला ‘कोण’ विचारा, कर्ता सापडतो. मी पुढे तेच शिकवत पगार घेतला. आणि १९७९ च्या त्या दिवशी मला माझ्या सासूची लाज वाटली, चार बायकांत तिचं असं बोलणं नको झालं, म्हणून मी कर्ताच गाळला. पुढे त्याची सवय झाली. कैलासवर ओरडत होते खरी, पण त्याच्या वाक्याला जागा मीच करून ठेवली होती.

“नाही ना लिहिलं?” कैलास हळूच म्हणाला. “राहू दे मग. मंगळवारी भावना करेल सीतादही. तू धुऱ्यावर खुर्ची टाकून बस, आजीसारखी.”

आजीसारखी!

मंगळवारी शेतात सूनबाई, भावना, ताट घेऊन उभी होती. मला सहा वर्षांपूर्वी वैधव्य आलं, म्हणून माझी खुर्ची धुऱ्यावर. आमच्या शेतात चाळीस वर्षं वेचणी करणारी कमलाबाई ओटीचं फडकं कमरेला बांधता बांधता थांबली.

“मोहिनीबाई, मोठ्या बाईले दही तुमीच देत होत्या न? मंग आज धुऱ्यावर काऊन? पाय दुखून राह्यले का?”

“पाय ठीक आहेत,” मी म्हटलं आणि उठले. “भावना, ताट दे.”

तिनं कैलासकडे पाहिलं.

“त्याच्याकडे काय बघतेस? सरकी त्यानं टोबली का?”

कमलाबाई पदर तोंडाला लावून हसली. भावनानं ताट दिलं आणि न सांगता दह्याचं मडकं उचललं. कैलास मोटार बघायला म्हणून विहिरीकडे निघून गेला. पाच दगड मी मांडले. वाकताना गुडघ्यात कळ आली, तरी पहिलं बोंड मीच वेचलं.

त्या दिवसाच्या पानावर लिहिलं आहे: ‘सीतादही मी केली.’

कैलास, आता पुस्तिकेचं. तुझं ते वाक्य काढ आणि त्या जागी हे घाल: ‘पतीच्या निधनानंतर शेहेचाळीस वर्षं मनकर्णाबाईंनी सीतादही स्वतःच्या हातानं केली. त्यांच्या शिकलेल्या सुनेनं ते एकदाही लिहून ठेवलं नाही.’

दुसरं वाक्य गाळायचं नाही.