आबांचा बायपास

चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात शाळेत पेपर तपासत होते. "आबांचं बायपासवर आलंय, लगेच निघ," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील लवकर गेले, मला त्यांनीच वाढवलं. मी गाडी काढली आणि थेट सोलापूर रस्त्याचा बायपास गाठला. आमच्याकडं बायपास म्हटलं की अपघातच डोळ्यांपुढं येतो. पंक्चरवाल्याला विचारलं, "पांढऱ्या फेट्यातलं म्हातारं माणूस पडलंय का हो इथं?" तो म्हणाला, "न्हाय ओ ताई." भावाला पुन्हा फोन लावला.

"अगं, रस्ता न्हाय, काळजाचा बायपास! बारामतीला दवाखान्यात हाय आमी."

मला चक्क हायसं वाटलं. त्याची आजही लाज वाटते.

आबा कॉटवर मांडी घालून बसले होते, छातीला वायरी. सकाळी बारामतीजवळ पिंपळीला पाहुण्यांकडं निघाले होते, वाटेत छातीत कळ आली. आता मोठे डॉक्टर तपासण्या बघून संध्याकाळी ठरवणार होते. पण आबाच ऑपरेशनला तयार नव्हते. मी माझा घोळ सांगितला तर इतके हसले की नर्स ओरडली.

"मी आन् बायपासला?" आबांनी उभी हयात इंदापुरात दूध घातलं. बायपास झाला तरी त्यांची गाडी बाजारपेठेतूनच जायची. "भाईरनं गेल्यावर रामराम कुणाला घालायचा?"

मी चिडले. "चेष्टा पुरे, आबा. डॉक्टर म्हणतील ते करायचं."

त्यांनी छातीवरची एक वायर चाचपली. मग म्हणाले, "तू म्हणतीस तर व्हय. पर भ्या वाटतंय बघ." आबांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला आणि भावाला आत बोलावलं. हृदय फार थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही, म्हणाले. गोळ्या देतो, घरी न्या, आता फार दिवस नाहीत. आबांना तयार कसं करायचं याच विचारात माझा दिवस गेला होता. डॉक्टरच नको म्हणतील हे ध्यानीमनीही नव्हतं. भाऊ खुर्चीतून उठेना, म्हणून आबांकडं मीच गेले.

"आबा, बायपास करायचा नाही म्हणतात."

"खरंच?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. माझा हात धरून म्हणाले, "मी म्हणत हुतो का न्हाय? आपलं गावातनंच जायचं. चल, घरी जाऊ. चपला कुठं हायत्या माझ्या?"

मी कॉटखाली वाकले. चपला समोरच होत्या, तरी मी बराच वेळ शोधत राहिले.