अकरा गोण्या डोकी

नैऋत्येचा वारा पहाटेपासून पिसाळला होता. लाकडी मांडवांवर टांगलेली कॉड माशांची डोकी एकमेकांवर आपटून नुसता खडखडाट चालला होता. गुन्वोर त्यांच्या माळा उतरवत होती. डोकं हातात घ्यायचं, मानेच्या खाचेत अंगठा दाबायचा. रुतला, तर डोकं पुन्हा मांडवावर. नाही रुतला, तर मोगरीनं ठोकायचं. पोकळ वाजलं तरच गोणीत.

हे ती धंद्यात फटका खाऊन शिकली होती. बापाच्या काळात वाळलेली धडं इटलीला जात आणि डोकी खताच्या गिरणीत. धडांच्या वीस प्रतवाऱ्या घरातल्या कुत्र्यालाही पाठ. डोक्यांना प्रतवारी कसली? तीन वर्षांपूर्वी नायजेरियाच्या ओबियागेलीबाईंनी डोकी मागवली, तेव्हा भावाबहिणीनं ती फावड्यानं गोण्यांत भरून धाडली. दोन महिन्यांनी टपालानं एक डबा आला. आत यांनीच धाडलेलं एक डोकं, किड्यांनी पोखरलेलं. चिठ्ठी नाही.

"बाईनं आहेर पाठवलाय गं!" थोरला भाऊ तोराल्फ खदाखदा हसला होता.

गुन्वोरनं ते डोकं स्वयंपाकघराच्या दारावर खिळ्यानं ठोकलं आणि कामाला लागली. पुढच्या दोन्ही खेपा चोख गेल्या. यंदा मात्र वसंतभर पाऊस. बोट दुपारी सुटणार होती, बाई स्वतः माल बघायला आलेल्या. ही खेप नासली की गिऱ्हाईक तुटणार, आणि डोक्यांवाचून वखार तगणार नाही. खाडीपलीकडच्या कंपनीला वखार विकायचे कागद तोराल्फच्या खिशात तयारच होते.

ती वखारीत आली तर तोराल्फ ओली डोकी गोण्यांत कोंबून शिवत होता.

"दादा, ती ओली आहेत."

"बोट तुझ्या अंगठ्यासाठी थांबणाराय का?"

"इटलीला दिली असतीस अशी?"

"इटलीवाले निवडून खातात. हे लोक डोकी खातात, गुन्वोर! डोकी!"

तिनं लाथेनं गोणी उलटी केली. त्यानं गोण्या ओढायच्या आकड्याचा दांडा तिच्या तोंडावर हाणला. दात निखळला, तोंड रक्तानं भरलं. तिनं मोगरी त्याच्या मनगटावर घातली. हे काही पोकळ वाजलं नाही. तो गुरासारखा ओरडला. चांगल्या हातानं तिचे केस धरून त्यानं तिला बाकावर दाबलं. ज्यावर डोकी खोचून जिभा कापतात, तो लोखंडी खिळा तिच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर आला.

"दाब," ती रक्त थुंकत म्हणाली. "मग गोण्या तूच निवड."

"आधी माल बघू," दारातून आवाज आला. "जीव मागाहून घ्या."

ओबियागेलीबाईंच्या डोक्याचा रुमाल वाऱ्यानं सुटला होता. भिंतीवरची कुऱ्हाड काढून त्यांनी तोराल्फची शिवलेली गोणी फाडली, एक डोकं फळीवर ठेवून फोडलं. आत काळं, चिकट. दुसरं फोडलं. तिसरं फोडताना फळीच दुभंगली. तोराल्फनं केस सोडले.

"चाळीस गोण्या ठरल्या होत्या. चांगल्या किती?" बाईंनी विचारलं.

गुन्वोरनं आपण निवडलेल्या गोण्या मोजल्या. मग म्हणाली, "अकरा."

"बाकीच्या?"

"महिना लागेल. आज न्याल तर मला पुन्हा डबा धाडाल."

"ते डोकं ठेवलंस अजून?"

"दारावर आहे."

बाई पहिल्यांदा हसल्या. "अकरा चढव. उरलेल्या पुढच्या बोटीनं. पण प्रत्येक डोक्याला अंगठा तुझाच लागला पाहिजे." मग तोराल्फकडं वळून, "माझाही एक भाऊ असाच होता. त्याची दोन बोटं कमी आहेत. आता नीट वागतो."

सुजलेलं मनगट छातीशी धरून तोराल्फ डॉक्टरकडं निघाला. दारात थांबून त्यानं खिशातले कागद काढले, पाहिले आणि पुन्हा खिशातच कोंबले.

गुन्वोरनं जबड्याला फडकं आवळलं. अकरा गोण्या गाडीत गेल्यावर तिनं फाटक्या गोणीतली ओली डोकी गोळा केली, दोरीत ओवली आणि शिडीवर चढून वाऱ्यात एकेक माळ टांगू लागली.