कोऱ्या जागेची काटकसर

आम्ही पत्रकं काढणारी मंडळी. छपाईच्या स्टेन्सिलवर बोटभर जागा कोरी राहिली तरी माझा जीव खालीवर होतो. कागद लोकांच्या वर्गणीचा असतो. ही सवय कॉम्प्युटरच्या तासाला नडेल असं वाटलं नव्हतं.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नाही. प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं एस.टी.नं पुण्याला जातात, उत्तर सवडीनं येतं. सरांचं गणित नवशिक्यांचं होतं: इंग्रजी शब्द घ्यायचा, एकेका अक्षराचे मोर्स या तारेच्या लिपीतले ठिपके-रेघा तक्त्यातून काढायचे, छापायचे. मी 'स्ट्राइक' घेतला.

आली ती ठिपक्या-रेघांची सलग माळ. कुठलं अक्षर कुठं संपलं, काही कळेना. मला आनंदच झाला. यंत्रं आणून तारवाल्यांना घरी बसवणार अशी कुणकुण होतीच. मी लगेच पत्रक काढलं: 'ज्या यंत्राला एक शब्द धड तारेत घालता येत नाही, ते माणसाची जागा घेणार?' सांगलीच्या तार ऑफिसच्या भिंतीवर खळ लावून स्वतः चिकटवलं.

तिथले तारमास्तर मेढ्याकडचे. म्हणाले, "लय झ्याक लिवलंस, गड्या. सायबाला म्होरं बशीवलं आन् वाचून दावलं."

मग वर्गातल्या मैत्रिणीनं माझा प्रोग्रॅम बघितला. "यंत्र काय करेल बिचारं? दोन अक्षरांमध्ये जागा सोड म्हणून तू सांगितलंच नाहीस. पत्रकासारखं चेंगरून लिहिलंयस."

जागा सोडली. कार्डं पुन्हा पुण्याला गेली. उत्तर स्वच्छ आलं, आणि भिंतीवरचं माझं पत्रक खोटं पडलं.

कागद घेऊन मास्तरांकडे गेलो. "मास्तर, यंत्र चुकलं नव्हतं. मी चुकलो होतो."

त्यांनी टेबलावर बोटानं ठोकत शब्द वाचला. "बराबर हाय." कागद परत देत म्हणाले, "मग सायबाला मी काय सांगून आलो रं?"

त्यांची नोकरी वाचवायला निघालो होतो, आणि साहेबापुढं त्यांनाच खोटं पाडलं. तारवाल्यांची नोकरी राखा ही मागणी खरी आहे, आजही आहे. तिला खोट्याचा टेकू मी दिला.

"पत्रक भिंतीवरून काढून टाकतो, मास्तर. साहेबांकडं मीच जातो."

"न्हाई. वाचलं म्या, मीच जानार. तू भित्त धू."

ते आत साहेबाच्या खोलीकडं गेले. मी बादली घेऊन भर दुपारी भिंत घासायला लागलो. तार करायला आलेली माणसं बघत होती. कागद लवकर सुटेना. चिकटवताना मी एक कोपरासुद्धा मोकळा सोडला नव्हता.