आडवा झालेला दगड
हळद शिजण्याचा वास आला की साखरा गावातलं आमचं शेत आठवतं. तिथे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या मेलेल्या माणसासाठी रोवलेला उंच दगड होता. एकदा हळद काढणीच्या दिवसांत तो आडवा झाला. वडील आणि शेजारचे चाचा दोर लावून ओढत होते, पण दगड हलेना. तेवढ्यात वाटणीवरून वडिलांशी बोलणं सोडलेले काका बांध ओलांडून आले. "काहून आलास?" वडील म्हणाले. काकांनी दोर धरला. "दोघांनी उठतो व्हय ह्यो? ज्यांनी उभा केला त्यांचाबी सारा गाव लागला असंल. वढ, दादा!" दगड उभा राहिला तेव्हा तिघंही धापा टाकत हसत होते. संध्याकाळी काका आमच्याकडे जेवले. आता वडीलही नाहीत आणि काकाही नाहीत. त्यांचं ते दमलेलं हसू मात्र मला अजून ऐकू येतं.