न पेटवलेली मशाल घेऊन लळिंग ते धुळे

भाद्रपदातल्या एका सकाळी मी गावाबाहेरच्या पाणंदीत गेलो, आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि अनवाणी धावायला लागलो. शंभर पावलंही झाली नसतील, तोच बाजरीतून शेजारचे नथ्थूआबा बाहेर आले. "काय व्हयनं नाना? बैल सुटना का?" असं विचारत, सुटलेला बैल धरायला तेही माझ्यामागे पळू लागले. पुढे विहिरीवर दोघं होते, ते काठ्या घेऊन आले. मी थांबलो, काही नाही म्हणालो. पण पन्नाशीला टेकलेला माणूस सकाळी सकाळी काही नसताना पळतो, हे आमच्या गावात कुणाला पटणार नाही. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून माझी तब्येत विचारून गेले.

त्याच संध्याकाळी ठरवलं, की धावून पाहायचं तर धुळ्याला जाऊन पाहायचं. तिथे मला ओळखणारी एक माझी थोरली बहीण अक्का, बाकी जवळजवळ सगळं शहर परकं.

धावायचं कशासाठी, ते आधी सांगतो. आमचं गाव अमळनेरपासून सायकलीच्या अंतरावर आहे. नवरात्राच्या तोंडावर गावातली मुलं वणीच्या गडावर जातात आणि देवीची ज्योत पेटवून ती धावत गावात आणतात. मालेगाव, धुळे, अमळनेर असा रस्ता. ज्योत जमिनीवर ठेवायची नाही, थांबवायची नाही; एकाचा टप्पा संपला की धावता धावताच दुसऱ्याच्या हातात द्यायची. घट बसायच्या आत ती गावात पोचली पाहिजे. मागे टेम्पो असतो. त्यात तेलाचा डबा, दमलेली मुलं आणि मी. हे मंडळ सुरू झालं तेव्हाच माझी चाळिशी उलटली होती, त्यामुळे पहिल्या वर्षापासून माझी जागा टेम्पोत. तेल ओतायचं, आरत्या म्हणायच्या. दरवर्षी लळिंगच्या घाटात पहाट होते. खाली धुळ्याचे दिवे दिसतात, त्यांच्यापुढे मुलाच्या हातातली ती एकच ज्योत हलत असते, आणि मला वाटतं, हा एवढा टप्पा आपल्या हातून व्हावा.

गेल्या वर्षी पुतण्याला, सुनीलला, बोललो. मंडळाचं सगळं तोच पाहतो. तो उर्मट नाही. त्याने सरळ विचारलं, "नाना, मध्येच तुम्हाला काही झालं, तर आम्ही ज्योत सांभाळायची की तुम्हाला?" आपण तेवढं धावू शकतो की नाही, ते मलाच माहीत नव्हतं. अमळनेरला तेलाच्या कारखान्यात वजनकाट्यावर माझी नोकरी, दिवसभर बसून. ज्योत एखाद्याच्या हातात विझली तर टेम्पोतल्या कंदिलावरून पुन्हा पेटवता येते, पण गाव ते वर्षभर विसरत नाही. पाऊस लांबला तरी त्याच माणसाचं नाव निघतं.

म्हणून मनाशी बोली केली. लळिंगपासून धुळ्याच्या एकवीरादेवीच्या देवळापर्यंत, चार कोसांच्या आसपास, मशाल हातात घेऊन न थांबता धावायचं. पाय थांबले तर पुन्हा हा विषय काढायचा नाही आणि टेम्पोत बसून तोंडही पाडायचं नाही.

अमळनेरहून धुळ्याला जायचं तर एस.टी. बरी. थेट रेल्वे नाही. रस्ता पावसाने उखडलेला होता, गाडी खड्डे चुकवत चालली होती. पण दोन्हीकडे कापूस कमरेला आलेला आणि बाजरी निसवून कणसावर आलेली. खिडकीजवळची जागा मिळाली तर हा प्रवास लवकर संपू नये असं वाटतं. दुपारी उतरलो तो आधी पाचकंदील चौकाच्या बाजूला यासीनभाईंच्या दुकानात गेलो. ते पत्र्याची कामं करतात. आमच्या मंडळाची जुनी मशाल गळायला लागली होती, नवी त्यांच्याकडे करायला टाकली होती. दांडा सागाचा, वर पत्र्याची खोल वाटी. मी ती उचलून पाहिली, हलकी लागली. तसं म्हणालो. यासीनभाई हसले.

"अभी खाली है नाना. तेल जितनी रेती भर दूं? फिर पता चलेगा."

त्यांनी ओली वाळू फडक्यात बांधून वाटीत घट्ट बसवली. मशाल पुन्हा हातात घेतली तेव्हा मनगट आपोआप खाली गेलं. त्यांनी ते पाहिलं आणि दांड्याला सुतळीचे दोन वेढे जास्त मारून दिले.

अक्का पांझरा नदीच्या पलीकडे देवपुरात राहते. तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग विचारलं, की आता पोलिसात भरती व्हायचा विचार आहे का. पितृपक्ष चालू होता, तिच्या सासऱ्यांची तिथी त्याच दिवशी झालेली, त्यामुळे ताटात खीर आणि वडे होते. उद्या पळायचं म्हणून मी खीर कमी घेतली. त्यावर तिने भावजींना सांगितलं, की हा पळणार आहे हे मला आत्ता खरं वाटलं.

पहाटे मालेगावकडे जाणारी एस.टी. धरली. कंडक्टरने तिकीट फाडताना मशालीकडे पाहिलं आणि लळिंगला एवढ्या सकाळी काय काम, असं विचारलं. मी म्हणालो, तिथून परत यायचंय. "मग जाताच कशाला?" असं म्हणून त्याने सुटे पैसे हातावर ठेवले. मागच्या बाकावरचे दोघं बराच वेळ हसत होते.

लळिंगला उतरलो तेव्हा किल्ला ढगात होता. तुम्ही कधी गेलात तर पावसाळा संपता संपता जा. डोंगर हिरवा असतो आणि हवेला ओल्या मातीचा वास असतो. किल्ला चढायचा तर अर्धा दिवस हातात ठेवा आणि पाणी सोबत न्या. मला चढायचं नव्हतं. पायथ्याशी उभा राहून हात जोडले, वहाणा पिशवीत घालून पिशवी पाठीला बांधली, मशाल उजव्या हातात उभी धरली आणि निघालो.

सुरुवातीला उतार आहे. उतारावर आपण तरुण आहोत असं वाटतं, त्याला भुलू नका. आग्रा रोडवर ट्रकांची रांग कधी तुटत नाही. डांबराच्या कडेने मुरमाची पट्टी आहे, तिच्यावरून धावावं तर खडी टोचते, डांबरावर यावं तर ट्रक अंगावर येतो. एका पंजाबी ड्रायव्हरने वेग कमी केला, खिडकीतून बसायची खूण केली. मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि पुढे गेला. माझ्या मशालीत वाळू होती हे त्याला काय माहीत. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

घाट संपल्यावर सपाटी लागली आणि खरी परीक्षा सुरू झाली. पायांची मला भीती होती, पण पाय चालत होते. दुखायला लागला तो खांदा. ज्योत धरणारा हात वाकवता येत नाही, नाहीतर तेल कपड्यावर सांडतं. इतकी वर्षं टेम्पोतून पाहिलं, पण मुलं मध्येच हात का बदलतात ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं, हौस म्हणून. डावा हात, उजवा हात, पुन्हा डावा. नामस्मरण चालू होतं, पण खरं सांगायचं तर मध्येमध्ये नाव सुटायचं आणि नुसता श्वास राहायचा. मग वाटलं, तेही देवीलाच पोचत असेल.

ऊन वर आलं तेव्हा धुळे लागलं. शहरात शिरताना सरळ आग्रा रोडने पुलापर्यंत जायचं एवढं मी धरून ठेवलं होतं. पण पाचकंदीलला भाजीबाजार भरला होता. हातगाड्या, हमाल, कोथिंबिरीचे ढीग. चालायला जागा नाही तिथे धावायला कुठून. थांबायचं नाही म्हणून मी बाजूच्या गल्लीत वळलो.

धुळ्याच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पट्टीने आखल्यासारख्या सरळ, उभ्या आणि आडव्या, आणि त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पायी फिरणाऱ्याला हे सोयीचं. घाम डोळ्यांत गेलेल्या, पाट्या वाचायला न थांबणाऱ्या माणसाला प्रत्येक गल्ली मागच्यासारखीच दिसते. तेच ओटे, त्याच मोऱ्या, तेच सायकल दुरुस्तीचं दुकान. मी एकदा वळलो, पुन्हा वळलो आणि कोथिंबिरीच्या त्याच ढिगांसमोर बाहेर आलो. पुन्हा आत शिरलो. नदी कोणत्या अंगाला आहे तेही आता कळेना. खांद्यात कळ येत होती. मनात आलं, इथे थांबलं तर कोण पाहणार आहे? आणि लगेच आलं, की पाहणारी पाहतेच आहे.

तेवढ्यात एका ओट्यावरून एक म्हातारी उतरली. नऊवारी, डोळ्यांवर जाड काचा, हातात पाण्याचा तांब्या. ती सरळ गल्लीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"थांब भाऊ, थांब. आई उनी का?"

देवी आली का, असं ती विचारत होती. ज्योत जाते तिथे बायाबापड्या घरातून पाणी आणून धावणाऱ्याच्या पायांवर ओततात. गडापासून आलेले पाय असतात ते. नाही म्हणायची रीत नाही. धावणाऱ्याने जागच्या जागी पाय हलवत राहायचं, पाणी घ्यायचं आणि निघायचं. तिने अनवाणी पाय पाहिले, वर धरलेली मशाल पाहिली आणि तांब्या घेऊन आली. मी थांबलो तर बोली मोडते, बाजूने निघून गेलो तर रीत मोडते. मी तिच्यासमोर जागच्या जागी पाय उचलत राहिलो. ती वाकून पाणी ओतायची, पाय वर गेलेला असायचा, पाणी फरशीवर.

"उभा ऱ्हाय ना भो," ती म्हणाली. "पानी वाया जाई ऱ्हायनं."

मग तिने मान वर करून मशालीकडे नीट पाहिलं. "ज्योत कोठे शे?"

मला धापेत बोलता येईना. कसंबसं सांगितलं, "माय, ज्योत नही शे. मी सराव करी ऱ्हायनू."

दारातून तिची सून आली. तिने एक नजर माझ्याकडे टाकली आणि तोंडाला पदर लावला. "आई, पित्तरं चालू आहेत. आत्ता कुठली ज्योत?" ओट्यांवरची माणसं हसली. मीही हसलो, पण पाय चालूच होते.

म्हातारी हसली नाही. तिने तांब्यात उरलेलं पाणी अंदाजाने, पाय खाली येईल तिथे ओतलं. या वेळी ते दोन्ही पायांवर पडलं.

"ज्योत नही ते नही," ती सुनेला म्हणाली. "पाय ते त्याच रस्तावरथून उनात ना."

मी तिला एकवीरेच्या देवळाची वाट विचारली. तिने हाताने दाखवली, सरळ जा, मारुती लागला की उजवीकडे, मग पूल दिसतोच. ओले पाय घेऊन निघालो. गार पाण्याने तळव्यांची आग थांबली होती. पुलावर पांझरा लाल पाण्याने भरून चालली होती. देवळाच्या पायरीला हात लागला तेव्हाच पाय थांबवले. मशाल मात्र खाली ठेववेना. मग फुलं विकणाऱ्या बाईने ती माझ्या हातातून घेतली, भिंतीला टेकवली आणि मला आधी बसायला सांगितलं.

अक्काने दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि उडदाच्या डाळीचं वरण केलं होतं. बरोबर ठेचा. त्या दिवशीचं जेवण मला अजून आठवतं. उजवा हात तोंडापर्यंत जाईना म्हणून ती मला भाकरी कुस्करून देत होती आणि लहानपणी असाच जेवायचास म्हणत होती. संध्याकाळच्या गाडीने घरी आलो.

जायचं असेल त्यांच्यासाठी तीन गोष्टी. पहाटेची गाडी गाठायला धुळ्यात आदल्या रात्रीच मुक्काम करा. धावणार असाल तर बाजार भरायच्या आत शहर ओलांडा. आणि वाट विचारायची लाज बाळगू नका.

घरी आल्यावर चार दिवस जिना उतरताना भिंत धरत होतो. बायकोने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला सांगायचं काय आहे, मंडळात सांगा. तेच अवघड होतं. काय मिळालं याचा विचार केला तर हे: आता मला माहीत होतं की मी पोचतो. आणि हेही, की हळू पोचतो.

अमावास्येच्या आधी मारुतीच्या देवळात मंडळाची बैठक झाली. सुनील टप्पे वाचून नावं घालत होता. लळिंग ते धुळे आलं तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, या टप्प्याला माझं नाव घाला. मी लळिंगपासून एकवीरेपर्यंत न थांबता धावून पाहिलंय. हात मात्र भरून येतो, म्हणून कोणीतरी बरोबर लागेल. आणि मी तुमच्यापेक्षा हळू आहे, तेव्हा गडावरून जरा लवकर निघावं लागेल.

सुनीलने मान वर केली. "पळून पाहिलं? कधी?"

"पित्तरपाटात."

"आणि टेम्पोत आरत्या कोण म्हणणार?"

"तू. दोन टप्पे विश्रांती असते तुला."

मुलं हसली. त्याने पेन उचलून माझं नाव घातलं आणि म्हणाला, "लवकर निघू. बरोबर मी धावतो."

घटस्थापनेच्या पहाटे लळिंगच्या घाटात टेम्पोचा वेग कमी झाला. सुनील माझ्याआधीच खाली उडी मारून रस्त्याला लागला होता. खाली धुळ्याचे दिवे होते. मी फळी धरली, तेलाचा डबा दुसऱ्याच्या हातात दिला आणि उतरलो.